सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग लेकराचं डोकं अजून का दुखून रायलं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईनं लिहिलंय. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या होत्या. गर्दीत दिसावं म्हणून आईनंच त्याला देवळाजवळच्या ओट्यावर चढवलं. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या, मागून रेटा आला आणि तो तीनेक फुटांवरून फरशीवर पडला, डोक्याच्या मागच्या बाजूवर. शुद्ध गेली नाही, पण दोन-तीन मिनिटं "आपण इथं कायले आलो?" असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. रात्री एकदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी तालुक्याला, तिथून जिल्ह्याला नेलं. सीटी स्कॅन झाला, "नॉर्मल आहे, घरी आराम करू द्या" म्हणून परत पाठवलं.

टेंगूळ आठवड्यात बसलं. डोकं मात्र सात आठवडे झाले तरी दुखतंच. अभ्यासाला बसलं की दुखतं, दुपारी जास्त दुखतं. बाबा म्हणतात, "सहामाही जवळ आली म्हणून नाटकं करते." आजी म्हणते दृष्ट लागली, शेजारच्या गावच्या बुवाकडे न्या. आईनं त्याला शाळेत पाठवणं बंद केलंय, मागच्या खोलीत अंधार करून निजवते, आणि दुखलं की किराणा दुकानातून आणलेली गोळी देते. सोयाबीन विकलं की ते पैसे घेऊन नागपूरला एमआरआय करायचा तिचा विचार आहे. "मीच ओट्यावर चढवलं ना त्याला," असं पत्रात तीनदा आलंय.

---

ताई,

तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "रिपोर्ट नॉर्मल आहे तर मग दुखते कायले? एकतर मशीन चुकली, नाहीतर पोरगं खोटं बोलते." तुमच्या घरातलं भांडण नेमकं याच वाक्यावर उभं आहे. तुमचा संशय मशीनवर, मुलाच्या बाबांचा मुलावर. मला विचाराल तर मशीनही खरं बोलतेय आणि पोरगंही.

सीटी स्कॅन कवटीचा तडा बघतो, आत रक्त साकळलंय का ते बघतो, मेंदूला मोठी सूज आहे का ते बघतो. त्यातलं काही नाही, हा खरोखर मोठा दिलासा आहे. पण मुका मार लागतो तेव्हा मेंदू कवटीच्या आत हिसका खातो, आणि त्याचं कामकाज काही दिवस, कधी काही आठवडे विस्कळीत होतं. डॉक्टर त्याला 'कन्कशन' म्हणतात. ते फोटोत उमटत नाही. पावसाळ्यात वीज कडाडून गेल्यावर शेतातल्या मोटारीचं होतं तसंच समजा. विजेची डीपी जागेवर, तारा जागेवर, लाइनमन येऊन बघून जातो आणि म्हणतो सगळं ठीक आहे. तरी मोटार लोड घेत नाही, सुरू केली की ट्रिप होते. तुमचा मुलगा पडल्यावर तोच तो प्रश्न विचारत होता ना, ती खूण होती. त्या दिवशी मेंदूला हिसका बसला होता. हे त्याच्या बाबांना जरूर वाचून दाखवा.

आता पुढचं. अशी डोकेदुखी बहुधा मार लागल्यापासून सात दिवसांच्या आत सुरू होते. बऱ्याच मुलांची दोन ते चार आठवड्यांत जाते, काहींची रेंगाळते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१८ साली मुलांच्या डोक्याच्या सौम्य दुखापतींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत म्हटलंय की ७० ते ८० टक्के मुलांना एक ते तीन महिन्यांपलीकडे मोठा त्रास राहत नाही. डॉक्टर 'चिवट' डोकेदुखी म्हणतात ती तीन महिन्यांच्या पुढे गेली तर. सात आठवडे म्हणजे लांबलंय खरं, पण हाताबाहेर गेलेलं नाही.

पुन्हा स्कॅन करावा का? माझं मत, आत्ता नको. उत्तर अमेरिकेतल्या २५ रुग्णालयांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा एक मोठा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ही सगळी मुलं शुद्धीवर असलेली किंवा जेमतेम गुंगीतली होती. त्यांच्यात गंभीर म्हणावी अशी इजा निघाली शंभरात एकापेक्षाही कमी जणांना, आणि मेंदूची शस्त्रक्रिया लागली हजारातल्या एकाला-दोघांना. तुमच्या मुलाचा एक स्कॅन झालाय, तो स्वच्छ आहे, आणि सात आठवड्यांत त्रास वाढत गेलेला नाही. सीटीत किरणांचा डोस असतो, तो लेकराला विनाकारण दोनदा द्यायचा नसतो. एमआरआयमध्ये किरणं नसतात, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही. तोही बहुधा नॉर्मल येईल, बाबा म्हणतील "पाह्यलं?", आणि सोयाबीनचे पैसे गेलेले असतील.

अर्थात 'नको' म्हणताना अटी आहेत, आणि त्या तुमच्यासोबत इतर आईबापांनीही वाचाव्यात. मी ग्रामीण रुग्णालयात नोकरीला होते तेव्हा एका संध्याकाळी आठ वर्षांची मुलगी माळ्यावरून पडली. चालत घरी आली, भाकर खाल्ली, भावाशी भांडली. रात्री अकराला दुसरी उलटी, मग तिसरी, आणि मग हाक मारली तरी नीट जागी होईना. तिच्या वडलांनी सकाळच्या एसटीची वाट पाहिली नाही, शेजाऱ्याची काळीपिवळी जीप उठवली. कवटीखाली रक्त साचलं होतं, नागपूरला शस्त्रक्रिया झाली, मुलगी वाचली. मध्ये काही तास चांगले जाऊन मग बिघडणं, हे या दुखापतीचं फसवं रूप आहे. म्हणून मार लागल्यावर पहिले एक-दोन दिवस डोळ्यात तेल घालून बघायचं. पुन्हा पुन्हा उलट्या, डोकेदुखी तासागणिक वाढणं, न उठवता येणारी झोप, झटका, बोलताना जीभ अडखळणं, हातपाय लुळा वाटणं, चालताना तोल जाणं, एक बाहुली मोठी एक लहान, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं किंवा रक्त येणं, मार डोळ्याला नसताना डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं होणं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं निघा. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर आणखी लवकर घाबरा. ते सांगू शकत नाही. ते नुसतं किरकिरतं, अंगावर पीत नाही, टाळू फुगते.

"झोपू देऊ नका" हे मात्र जुनं खूळ आहे. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या लेकराला झोपू द्यावं. रात्रीतून उठवून ओळखतंय ना बघायला सांगितलं असेल तर तेवढं करावं. मार खाल्लेल्या मेंदूला झोप लागतेच.

आठवडे उलटल्यावरच्या खुणा वेगळ्या. डोकेदुखी दर आठवड्याला चढत जाणं, पहाटे दुखण्यानं जाग येणं, सकाळी उठल्याउठल्या उलटी, एकाचं दोन दिसणं, चालण्यात किंवा वागण्यात फरक. असं असेल तर स्कॅनचा विचार पुन्हा करायचा, आणि लगेच. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून हेही लिहून ठेवते: सिकलसेलच्या रुग्ण मुलाचं डोकं जोरात दुखायला लागलं, मार असो वा नसो, तर घरी बसू नका. रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या मुलाच्या डोक्याला मार लागला तरी तेच.

आता तुमच्या मागच्या खोलीकडे येते.

ताई, पहिले दोन दिवस शांतता ठीक. त्यातही घरात हिंडणं-फिरणं चालतं. जगभरचे यातले तज्ज्ञ आज तेवढंच सांगतात: एक-दोन दिवस बेतानं आराम, मग हळूहळू नेहमीचं आयुष्य. सात आठवडे अंधारात निजवलं तर धडधाकट पोराचंही डोकं दुखेल. दिवसा झोप, म्हणून रात्री जाग. अंगाला हालचाल नाही. मित्र नाहीत. दिवसभर लक्ष एकाच ठिकाणी, डोक्यावर. आणि तुम्ही ओघात लिहून गेलात की करमत नाही म्हणून बाबा त्याला मोबाईल देऊन जातात. म्हणजे उजेड नको म्हणून खिडकीला पोतं लावलंय, आणि नाकासमोर चार तास तो लखलखता चौकोन! मला वाचताना हसू आलं, रागावू नका.

पोतं काढा. मोबाईल दिवसाला अर्ध्या तासावर आणा, संध्याकाळी सातनंतर बंद. सकाळी ऊन चढायच्या आत त्याला घेऊन वावरापर्यंत चालत जाऊन या, धावपळ न करता. रोज. हलका व्यायाम लवकर सुरू केलेली मुलं लवकर सावरतात, असं आता दिसून आलंय. मग शाळा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबावं असं तुम्हाला वाटेल, पण माझा सल्ला उलटा आहे. सुट्टीआधी चार दिवस जरी गेला तरी सुट्टीनंतरचा पहिला दिवस डोंगराएवढा होणार नाही. पहिले काही दिवस खिचडीच्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. गुरुजींना भेटून सांगा: टिनाच्या पत्र्याखाली तापणाऱ्या बाजूला नको, दाराजवळ बसवा. फळ्यावरचं उतरवताना दुखलं तर दहा मिनिटं डोकं टेकू द्या, घरी पाठवू नका. सहामाहीचा पेपर अर्धाच लिहिला तरी चालेल का, हे आधीच विचारून घ्या. मोटारीवर लोड असाच चढवतात, एकदम नाही.

दुखलं की किती दुखलं, हे त्याला दहापैकी आकड्यात सांगायला शिकवा. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली लागते की वर, यावर अख्खं गाव भांडतं. या डोक्याची पैसेवारी त्याला एकट्याला काढू द्या. तिनावरचं दुखणं शाळेत पाचावर गेलं आणि तासाभरात उतरलं, तर ते चालायचं, दुसऱ्या दिवशी तेवढंच करायचं. त्याहून वर गेलं किंवा उतरेना, तर एक पायरी मागे. वहीच्या एका पानावर तारीख, आकडा, काय करत होता, किती झोपला, गोळी दिली का, एवढं लिहून ठेवा. जास्त चौकशी मात्र नको. दर तासाला "दुखते का रे?" विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं.

कबड्डी, झाडावर चढणं, सायकल हे सगळं शेवटी. पूर्ण शाळा डोकं न दुखता झेपली, डॉक्टरांनी पाहिलं, की मग. सावरत असलेल्या मेंदूला दुसरा मार महाग पडतो.

गोळीबद्दल मला जरा कडक बोलायचंय. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेला पाकिटाचा तुकडा आहे. गोळ्या दोन, नाव अर्धं कापलेलं, मागच्या बाजूला 'निमेसु' एवढंच वाचता येतं. ते निमेसुलाइड असणार. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी या औषधावर आपल्याकडे २०११ सालीच बंदी आली, यकृताला धोका म्हणून. त्या दुकानदाराला कदाचित माहीतही नसेल, त्याच्यासाठी ती 'डोक्याची गोळी' आहे. तुम्ही ती आजच बंद करा. अॅस्पिरिन असलेल्या गोळ्याही लेकरांना नकोत. शिवाय सात आठवड्यांत जवळजवळ रोज गोळी झालीय. महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस वेदनाशामक घेतलं आणि तीनेक महिने तसंच चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. तुम्ही त्याच वाटेवर आहात.

लागलंच तर साधं पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशोबानं: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमचं पोरगं २५ किलोचं आहे म्हणता, म्हणजे ५०० च्या गोळीची अर्धी. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस. रोजची गोळी थांबवल्यावर पहिले काही दिवस डोकं उलट जास्त दुखू शकतं. तेव्हा "पाहा, गोळी होती तेच बरं होतं" म्हणून परत दुकानात जाऊ नका. गोळी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून घ्या, आणि पूर्ण पाकीट बघून.

तुमच्या पत्रात एक गोष्ट सहज येऊन गेलीय: "माझंही डोकं उन्हात उठते, अर्ध बाजूनं." ही अर्धशिशी असावी. घरात अर्धशिशी असली की मुलाच्या डोक्यातही तो कल असू शकतो, आणि अशा मुलांची मारानंतरची डोकेदुखी जास्त रेंगाळते. दुपारी जास्त दुखतं, त्यामागे हेही असेल. मग उपाशीपोटी राहणं, पाणी कमी पिणं, उन्हातून येणं, अपुरी झोप, हे सगळं त्या डोक्यावर लवकर चढतं. सकाळी नुसत्या चहावर दुपारच्या खिचडीपर्यंत राहणारं पोर मी रोज बघत आलेय. त्याला निघायच्या आधी भाकर-भाजी काही तरी खाऊ घाला. अभ्यासाला बसल्यावरच दुखतं म्हणता, तर डोळेही तपासून घ्या. चष्म्याचा नंबर मार लागायच्या आधीपासून असेल आणि आता लक्षात येत असेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, ते येऊन गेलं असेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. मानेलाही त्या दिवशी हिसका बसलाच असणार. मान वळवताना दुखतं का, मागून दाबल्यावर दुखणं कपाळात येतं का, हे डॉक्टरांना बघायला सांगा.

मुलाच्या बाबांचा मुद्दा मी टाळणार नाही. खेळताना दुखत नाही आणि पुस्तक उघडलं की दुखतं, म्हणून नाटक, असं ते म्हणतात. पण मन रमलं की दुखणं मागे पडतं, हे आपल्या सगळ्यांचंच आहे. कापूस वेचताना बोट कापलेलं घरी आल्यावर ठणकतं. वाचन आणि गलका हे थकलेल्या मेंदूला सगळ्यात जड. तरी त्याला शाळेची भीती वाटत असेल, हेही शक्य आहे. सात आठवड्यांचा अभ्यास बुडालाय, आणि मुलं त्याला 'टेंगळ्या' म्हणतात असं तुम्हीच लिहिलंय. दुखणंही खरं, भीतीही खरी. एकीनं दुसरी खोटी ठरत नाही, उलट वाढते. बाबांनीच त्याला पहिल्या दिवशी शाळेत सोडायला जावं आणि येताना घेऊन यावं. वाटेत काही विचारू नये.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढायची तर काढू द्या, फक्त मिरच्यांचा धूर त्याच्या तोंडावर नको. रात्री झोपताना त्यांनी डोक्याला आणि मानेला हलक्या हातानं तेल लावून दिलं तर फारच उत्तम. त्याला झोप लागेल, आणि मोबाईलच्या जागी आजी येईल. बुवाकडे मात्र नको. चटके देणारे आणि "डॉक्टरची दवाई बंद करा" म्हणणारे बुवा मी पाहिलेत.

एमआरआयऐवजी एक फेरी करा. चार आठवड्यांपेक्षा जास्त डोकं दुखतंय म्हणजे बालरोगतज्ज्ञानं एकदा नीट तपासायला हवंच. यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जा, किंवा तुमचं गाव वर्धेच्या बाजूला असेल तर सेवाग्रामला. सोबत जुना सीटीचा फिल्म आणि रिपोर्ट, ती वही, आणि गोळीचा तो कापलेला तुकडा न्या. रक्तदाब बघा, डोळ्यांचा पडदा बघा, सरळ रेषेत चालवून बघा, हिमोग्लोबिन करा, असं बेधडक म्हणा. तीन महिन्यांनंतरही आठवड्यातून बरेच दिवस दुखत असेल, तर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं असतात, ती मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. मला वाटतं तितकी वेळ येणार नाही.

ओट्याबद्दल. पोळ्याला तुमच्या गावात किती आयांनी लेकरं ओट्यावर, कुंपणावर, खांद्यावर चढवली होती, ते आठवून बघा. बैल दिसावेत म्हणूनच चढवतात. रेटा मागून आला होता.

आणि पत्राच्या शेवटी, वेगळ्या शाईत, त्यानं स्वतः विचारलंय: "मी बंडीत बसून वावरात जाऊ का?" जाऊ द्या त्याला. बंडीच्या मधोमध बसवा, मागं पाय सोडून नाही. डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाण्याची कॅन त्याच्याच हातात द्या.